फाटकावरचा वाय-फाय कॅमेरा: जोडणी, सुरक्षा आणि नागपूरचा उन्हाळा

हे परीक्षण घराबाहेर लावायच्या एका नेटवर्क कॅमेऱ्याचे आणि तो बसवून देणाऱ्या दुकानाच्या सेवेचे आहे. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असून एका जागी स्थिर राहणारा आहे. त्याला वाय-फाय आणि लॅन (म्हणजे वायरीने नेटवर्कला जोडणे) अशा दोन्ही जोडण्या आहेत, आत मायक्रोएसडी कार्डाची सोय आहे आणि किंमत साधारण तीन हजार रुपये आहे. सीताबर्डीतील एका दुकानातून तो हिवाळ्यात घेतला आणि मनीषनगरातील आमच्या दुमजली घराच्या फाटकाकडे तोंड करून, सज्ज्याखाली बसवून घेतला. दुपारी घरात केवळ आई-बाबा असतात; दार उघडण्यापूर्वी बाहेर कोण उभे आहे हे त्यांना दिसावे, एवढीच मूळ गरज होती. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मी देत नाही. या किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांची मांडणी इतकी मिळतीजुळती असते की, पुढे लिहिलेले बरेचसे दुसऱ्या नावाच्या कॅमेऱ्यालाही लागू पडेल.

चित्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते चांगले आहे. दिवसा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकीचा क्रमांक वाचता येतो. रात्री इन्फ्रारेड दिव्यांच्या प्रकाशात माणसाचा चेहरा ओळखू येतो, मात्र वाहनाची क्रमांकपाटी तो प्रकाश परतवत असल्याने पांढरी होऊन जाते. हालचाल दिसताच मोबाइलवर सूचना येते आणि ती वेळेवर येते. ज्यांना एवढेच पाहायचे आहे त्यांनी हा कॅमेरा निःशंकपणे घ्यावा. मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे ते त्याच्या बिनतारी जोडणीविषयी आणि सुरक्षेविषयी, कारण आपल्या घरी कोण केव्हा येते आणि घर केव्हा रिकामे असते याची नोंद ठेवणारा हा एक छोटा संगणकच आहे, आणि तो कोणाच्या ताब्यात आहे या प्रश्नापुढे चित्राची स्पष्टता गौण ठरते. माझे मत आधीच सांगते: या कॅमेऱ्यात सुरक्षेच्या जवळजवळ सर्व सोयी आहेत, परंतु त्यांतील बऱ्याच बंद ठेवलेल्या आहेत किंवा साधा ग्राहक जेथे कधी पोहोचणार नाही अशा पानांवर आहेत.

सुरुवात बसवणाऱ्या सेवेपासून करते. दुकानातून आलेला तरुण आपल्या कामात कुशल होता. त्याने भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवले, म्हणजे पावसाचे पाणी वायरीबरोबर आत येऊ नये. जोडाला जलरोधक डबी लावली. आणि कॅमेऱ्याची उंची, चेहरा दिसेल पण हात पोहोचणार नाही, अशी ठेवली. या कामाला मी पूर्ण गुण देते. त्यानंतर त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, कॅमेऱ्याची नोंदणी स्वतःच्या खात्यावर केली आणि तेथून आमच्या मोबाइलवर तो पाहण्याची परवानगी पाठवली. "ताई, पुढे काही अडचण आली तर मी दुकानातूनच बघून देईन," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट मुळीच नव्हते; दुकानाची ती रोजची पद्धत आहे. पण या प्रकारच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचा मालक एकच खाते असते आणि बाकी सगळे पाहुणे असतात. पाहुण्याला पासवर्ड बदलता येत नाही, मालकाला काढून टाकता येत नाही आणि मालक केव्हा पाहतो आहे हेही कळत नाही. म्हणजे आमच्या फाटकाचे चित्र कायमचे दुकानातील एका मोबाइलवर राहिले असते.

मी त्याला ती नोंदणी रद्द करून आमच्या खात्यावर नव्याने करायला सांगितले. त्याने विनातक्रार केले, पण "असे कोणी विचारत नाही" हेही सांगितले. कॅमेऱ्याच्या आतल्या व्यवस्थापक खात्याला त्याने दुकानाचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड दिला होता, आणि ग्राहकाला लक्षात राहावा म्हणून सगळीकडे तोच ठेवतो असे त्याचे म्हणणे होते. येथे मला थांबावेसे वाटते. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा तिने कोणतीही अद्भुत युक्ती वापरली नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या ती एकामागून एक लावून पाहत होती. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर अशाच उपकरणांचा मारा झाला आणि अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. कारखान्याचा एकच पासवर्ड आणि दुकानाचा एकच पासवर्ड यांत तत्त्वतः काही फरक नाही. एका ग्राहकाकडून तो बाहेर गेला की त्या दुकानाने बसवलेला प्रत्येक कॅमेरा उघडा पडतो. सेवा देणाऱ्यांनी ही पद्धत थांबवावी असे मला कळकळीने वाटते, आणि ग्राहकाने बसवणाऱ्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी मालकाचे खाते स्वतःच्या नावावर आहे की नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.

आता जोडणीविषयी. कॅमेरा चालू केला की तो बोलून सूचना देतो, मग मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये वाय-फायचे नाव आणि पासवर्ड भरायचा, अ‍ॅप त्याचा क्यूआर कोड तयार करते आणि तो कोड कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा. कॅमेरा तो वाचून स्वतःच नेटवर्कला जोडला जातो. पद्धत सोपी आहे आणि ती शिडीवर चढण्यापूर्वी, खाली टेबलावरच उरकावी हे उत्तम. दोन अडचणी मात्र हमखास येतात आणि पुस्तिकेत त्यांचा उल्लेख ओझरताच आहे. पहिली म्हणजे हा कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतो. आजच्या अनेक राउटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने प्रसारित होतात. मोबाइल ५ वर असतो, अ‍ॅप त्याच जोडणीवरून कॅमेरा शोधू पाहते आणि कित्येकदा शोध अर्ध्यावर थांबतो. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली की हा प्रश्न सुटतो. दुसरी अडचण आपल्या लिपीची आहे. आमच्या वाय-फायचे नाव देवनागरीत होते. राउटरला आणि मोबाइलला ते चालत होते, पण कॅमेऱ्याच्या यादीत त्याच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत होती आणि जोडणी होत नव्हती. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा धरून, ३ बाइट घेते, त्यामुळे जेमतेम दहा चिन्हांत नाव बसवावे लागते. परंतु आमचे नाव त्याहून खूप लहान होते, तेव्हा दोष मर्यादेचा नसून कॅमेऱ्याच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या उपकरणाने मराठी नाव ओळखू नये ही उणीव मी छोटी मानत नाही. शेवटी कॅमेऱ्यासाठी रोमन अक्षरांतले वेगळे नाव ठेवले.

सिग्नलचा विषय नागपुरात ऋतूप्रमाणे बदलतो, आणि हे मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळालेले नाही. हिवाळ्यात राउटर आतल्या खोलीत, कॅमेरा बाहेर आणि मध्ये एक विटांची भिंत व खिडकी अशी रचना होती. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या कॅमेऱ्याच्या पानावर सिग्नल उणे ६० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) दिसत होता, जो अशा कामाला भरपूर आहे. मार्चच्या शेवटी त्याच खिडकीत कूलर बसला. कूलरचे अंग पत्र्याचे, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. कूलर सुरू झाल्यावर तोच आकडा उणे ७८ च्या आसपास घसरला, चित्र अडखळू लागले आणि दुपारी, म्हणजे ज्या वेळेसाठी कॅमेरा घेतला त्याच वेळी, जोडणी मधूनमधून तुटू लागली. जवळपास प्रत्येक घराच्या खिडकीत चार महिने कूलर असणाऱ्या या शहरात कॅमेरा हिवाळ्यात लावणाऱ्यांनी राउटर आणि कॅमेरा यांच्या सरळ रेषेत कूलरची खिडकी येते का, हे आधीच पाहून घ्यावे. आम्ही राउटर जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर हलवला आणि आकडा पुन्हा उणे ६७ वर आला.

त्याच वेळी चॅनेलचीही दुरुस्ती केली. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरता येतात, पण एकमेकांवर न चढणारे त्यांत तीनच निवडता येतात, ते म्हणजे १, ६ आणि ११. आसपासच्या सदनिकांमधील बहुतेक राउटर ६ वर गर्दी करून बसलेले दिसले. आमचा राउटर ११ वर आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्‌झवर ठेवल्यावर चित्र स्थिर झाले. कॅमेऱ्याला लागणारा वेग तसा थोडाच आहे, दोन मेगाबिट प्रतिसेकंद पुरेसे होतात, म्हणून वेगापेक्षा स्थैर्य पाहावे.

एन्क्रिप्शनच्या, म्हणजे हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध करण्याच्या, बाबतीत हा कॅमेरा काळाच्या थोडा मागे आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये याविषयी एक अक्षर नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून त्याचे स्वतःचे पान उघडले तरच बिनतारी जोडणीची सर्व पर्यायांची यादी दिसते, आणि त्या यादीत डब्ल्यूईपी ही जुनी कूटपद्धत अजूनही आहे. ही पद्धत २००१ सालीच फोडता येते हे सिद्ध झाले होते. आज ती सोडवायला काही मिनिटे पुरतात. २००३ मधील डब्ल्यूपीए ही तात्पुरती मलमपट्टी होती आणि २००४ मधील डब्ल्यूपीए२, एईएससह (हा मजबूत कूटप्रकार) वापरली तर, आजही घरासाठी चालण्यासारखी आहे. एईएससह हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण शेजारीच टीकेआयपी हा जुना, कमकुवत पर्याय दिलेला असतो; तो निवडला तर सुरक्षा तर घटतेच, शिवाय ८०२.११एन या वाय-फाय मानकाचे वाढीव वेगही मिळत नाहीत. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ या कॅमेऱ्याला येत नाही. राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ वर ठेवला तर कॅमेरा जोडलाच जात नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांच्या मिश्र पर्यायावर तो व्यवस्थित चालतो. नव्याने घेतलेल्या उपकरणात हे नसावे याचे मला वाईट वाटते, कारण डब्ल्यूपीए२ ची खरी कमजोरी आपल्याकडच्या सवयीशी जुळते. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या क्षणी होणारी देवाणघेवाण कोणीही बाहेर उभे राहून टिपू शकते आणि घरी जाऊन निवांतपणे पासवर्डचे अंदाज लावू शकते. आपल्याकडे अनेक घरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी दहा अंकी मोबाइल क्रमांक असतो. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे असे क्रमांक सगळे मिळून ४०० कोटी होतात. हा आकडा मोठा वाटतो, पण चांगले ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला ते सगळे तपासून पाहणे हे काही तासांचे काम आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहून केलेला पासवर्ड आई-बाबांनाही पाठ राहतो आणि अंदाजाने सापडणे जवळजवळ अशक्य होते. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे आणि या कॅमेऱ्याने लांब पासवर्ड विनाअडथळा स्वीकारला, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

कॅमेऱ्यावर डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न भरता वाय-फायला जोडण्याच्या सोयीचे, बटणही आहे. बटण दाबून जोडण्यात विशेष धोका नाही, पण राउटरच्या पाठीवर छापलेला आठ अंकी डब्ल्यूपीएस पिन मात्र बंद करावा. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी केवळ ११,००० अंदाजांत तो सापडू शकतो; २०११ साली हे उघड झाले आणि तरीही तो अनेक राउटरांत चालूच असतो. वाय-फायचे नाव लपवणे आणि मॅक पत्त्याची (प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकाची) गाळणी लावणे हे दोन उपाय पुस्तिकेत सुरक्षेच्या शीर्षकाखाली छापलेले आहेत, ते माझ्या मते तेथे नसावेत. नाव लपवले तरी कॅमेरा स्वतःच ते नाव घेऊन राउटरला हाका मारत राहतो, आणि मॅक पत्ता प्रत्येक संदेशावर उघडाच लिहिलेला असतो. ज्याला घुसायचे आहे त्याचे यांनी काही अडत नाही.

ब्राउझरमधल्या त्या पानावर आणखी पुष्कळ काही सापडते आणि या कॅमेऱ्याची खरी ओळख तेथेच होते. कारखान्यातून आलेल्या स्थितीत आरटीएसपी, म्हणजे चित्राचा प्रवाह थेट देणारी सेवा, ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे उपकरणातल्या एकेका सेवेचे क्रमांक दिलेले दार) चालू होती आणि तीसाठी ओळख विचारण्याचा पर्याय बंद होता. याचा अर्थ असा की, आमच्या वाय-फायवर आलेला कोणताही पाहुणा, साधा व्हिडिओ प्लेअर उघडून, कसलाही पासवर्ड न देता फाटकाचे चित्र पाहू शकला असता. हा पर्याय चालू करायला एक टिचकी पुरते, पण अ‍ॅपमध्ये तो नाही. पान स्वतः साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवर उघडते; कूटबद्ध एचटीटीपीएस चालू करता येते, मग ब्राउझर प्रमाणपत्राविषयी इशारा देतो, कारण ते प्रमाणपत्र कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेले असते. घरातल्या घरात, स्वतःच्याच कॅमेऱ्यासाठी, तो इशारा समजून पुढे जायला हरकत नाही. मायक्रोफोन आधीपासून चालू होता, तो बंद केला. फाटकाजवळ रस्त्यावर उभे राहून बोलणाऱ्या माणसांचे संभाषण नोंदवण्याचा आम्हाला काही अधिकार नाही. चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय मात्र उत्तम आहे. समोरच्या काकूंचे अंगण चौकटीत येत होते, ते झाकले आणि त्यांना मोबाइलवर दाखवूनही आले. शेजारधर्म म्हणून प्रत्येकाने हे करावे.

यूपीएनपी कॅमेऱ्यातही चालू होते आणि राउटरमध्येही. या सोयीने उपकरण मालकाला न विचारता राउटरला बाहेरचे दार उघडायला सांगते. आमच्या राउटरच्या यादीत कॅमेऱ्यासाठी दोन पोर्ट उघडलेले दिसले. दोन्हीकडे यूपीएनपी बंद केल्यावर ते नाहीसे झाले आणि मोबाइलवरून पाहण्यात काहीही फरक पडला नाही, कारण अ‍ॅपची जोडणी कंपनीच्या सर्व्हरमार्फत होते आणि तीसाठी बाहेरचे पोर्ट लागतच नाही. काही जण सांगतात की, हल्ली इंटरनेट सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात, तेव्हा असे पोर्ट उघडे राहिले तरी बाहेरून कोणी पोहोचू शकत नाही. ते अर्धेच खरे आहे. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जाहीर पत्ता मिळू शकतो आणि मग राउटरची अटकाव भिंत (फायरवॉल) चालू आहे की नाही यावरच सगळे अवलंबून राहते.

हे सर्व झाल्यावर कॅमेरा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर टाकला, जेथून घरातील संगणक आणि मोबाइल त्याला दिसत नाहीत. यात एक तोटा आहे आणि तो घेणाऱ्याने जाणून घ्यावा. अशा रचनेत घरातल्या मोबाइललाही चित्र कंपनीच्या सर्व्हरमार्फतच येते, त्यामुळे इंटरनेट बंद पडले तर आई-बाबांना फाटक दिसत नाही; कार्डावरची नोंद मात्र चालू राहते. शिवाय ब्राउझरमधले पान मुख्य नेटवर्कवरून उघडत नाही, म्हणून त्यावरची सर्व कामे आधी उरकावीत, आणि पुढे काही बदलायचे असेल तर तेवढ्यापुरता कॅमेरा लॅनने जोडावा. ज्यांच्याकडे इंटरनेट वारंवार जाते त्यांनी कदाचित मुख्य नेटवर्कच ठेवावे आणि पासवर्डावर अधिक भर द्यावा. मी सुरक्षेच्या बाजूने निर्णय घेतला.

लॅनची सोय आहे तर वाय-फायच्या भानगडीत पडावेच कशाला, असे कोणी विचारेल. वायर सर्वांत स्थिर, यात शंका नाही. पण वायरीचे टोक घराबाहेर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे असते. ते काढून कोणी स्वतःचा लॅपटॉप लावला तर तो थेट घरातल्या नेटवर्कमध्ये येतो, पासवर्ड न विचारता. जोड उंचावर आणि बंद डबीत असेल तरच वायर वापरावी. उलट बाजूने, वाय-फायची जोडणी हवेतून तोडता येते, हे डब्ल्यूपीए२ वापरणाऱ्या अशा साध्या कॅमेऱ्यांचे वैगुण्य आहे, म्हणून आत कार्ड असलेच पाहिजे. दोन मेगाबिट प्रतिसेकंद या दराने दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे १२८ गिगाबाइटचे कार्ड सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुने पुसून नवे लिहिले जाते. चित्रण कमी जागेत बसवण्याची एच.२६५ ही पद्धत निवडून दर निम्म्यावर आणला तर अकरा दिवसांच्या आसपास नोंद राहते. साधे मोबाइलचे कार्ड अखंड लेखनाने लवकर झिजते, तेव्हा सततच्या चित्रणासाठी बनवलेले कार्ड घ्यावे.

घड्याळाची गोष्ट लहान आहे, पण तिचे परिणाम मोठे आहेत. कॅमेऱ्यात चीनचा वेळ-विभाग निवडलेला होता, जो आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. दुपारी दोनला आलेला माणूस चित्रावर साडेचारला आलेला दिसत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात चित्रावरची वेळच चुकीची असेल तर पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावे लागेल. वेळ-विभाग बदलून इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा पर्याय चालू करावा. हेही अ‍ॅपमध्ये सहज सापडत नाही.

फर्मवेअरच्या बाबतीत कंपनीला निम्मे गुण देते. अ‍ॅपमधून नवी आवृत्ती मिळाली आणि ती व्यवस्थित चढली, परंतु त्या आवृत्तीत काय दुरुस्त केले याचा एका ओळीचाही खुलासा नव्हता, आणि किती वर्षे अशा दुरुस्त्या मिळत राहतील हे खोक्यावर किंवा पुस्तिकेत कोठेच लिहिलेले नाही. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत, हे पाऊल अतिशय आवश्यक होते. खरेदी करताना खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा), आर या अक्षराने सुरू होणारा, नोंदणी क्रमांक पाहावा आणि दुकानदाराला त्या मॉडेलच्या सुरक्षा चाचणीबद्दल विचारावे. तरी चाचणी यंत्राची होते. कॅमेरा भिंतीवर बसल्यावर त्याला कोणता पासवर्ड दिला जातो आणि कोणाच्या खात्यावर त्याची नोंदणी होते, हे कोणतीही प्रयोगशाळा पाहायला येत नाही.

उष्णतेबद्दल थोडेसे. कॅमेऱ्याची कमाल मर्यादा ५० अंश सेल्सिअस लिहिलेली आहे. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पाराच ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात टांगलेल्या कॅमेऱ्याचे काय होईल हे सांगायला नको. सज्ज्याखाली, पूर्वेकडे तोंड असलेल्या आमच्या कॅमेऱ्याने उन्हाळा निभावला.

एकूण, ज्या घरात एखादा तरी माणूस ब्राउझरमधले पान उघडून तासभर शांतपणे बसू शकतो, त्या घरासाठी मी हा कॅमेरा सुचवेन. त्या तासानंतर तो या किमतीत समाधानकारकपणे सुरक्षित होतो. ज्यांना दुकानदाराच्या हवाली सर्व करून मोकळे व्हायचे आहे त्यांना, आजच्या सेवेची पद्धत पाहता, मी तो सुचवणार नाही. कंपनीने ओळख विचारण्याचा पर्याय आधीपासून चालू ठेवावा, यूपीएनपी बंद ठेवावे आणि ब्राउझरमधले हे पर्याय अ‍ॅपमध्ये मराठीत आणावेत, असे मी त्यांच्या ग्राहक सेवेला लिहिले आहे. उत्तर सौजन्याचे आले, आश्वासन मात्र त्यात नव्हते.

हमी दोन वर्षांची आहे आणि बिल असेल तर कॅमेरा दुकानातच जमा करता येतो. जमा करण्यापूर्वी कार्ड काढून घ्यावे, रीसेटचे बटण कॅमेरा पुन्हा बोलेपर्यंत दाबून ठेवावे आणि अ‍ॅपमधून त्याची नोंदणी काढावी, कारण आपल्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या आत साठवलेला असतो. कॅमेरा चोरीला गेला तर हे काही करता येत नाही; त्या दिवशीच राउटरवरचा पासवर्ड बदलावा.